मधोमध ठेवलेला अणू

भाईंदरच्या इंद्रलोकमधल्या त्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या थोडी वर गेली, गचकली, थांबली आणि पुन्हा चालू झाली. घडलं ते एवढंच. पण त्या गचक्यात लिफ्टच्या पत्र्यावर मधोमध पडलेलं एक लिंबू हललं आणि गडगडत जाऊन दाराजवळच्या कोपऱ्यात टेकलं. नीलमनं ते तळमजल्यावर आत शिरतानाच पाहिलं होतं. कुणाच्या तरी पिशवीतून पडलेलं, पिवळं, एका अंगाला हिरवट. सोबत चढलेल्या बाईनं विचारलं होतं, आपका है क्या? नीलम नहीं म्हणाली होती. मग दोघींनीही, हा कुणी टाकलेला उतारा तर नसेल ना, अशा धास्तीनं पाय आवरून घेतले होते. नीलमला स्वतःचाच राग आला होता. अणूंची गणितं करण्यात सहा वर्षं घालवलेली बाई एका लिंबाला पाय लागू नये म्हणून अंग चोरते. पण चोरलेले पाय काही तिनं परत पसरले नाहीत. आणि आता ते लिंबू कोपऱ्यात होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. पत्र्याला मधोमध फुगवटा आला होता, म्हणजे लिंबू इतका वेळ एका टेकाडाच्या माथ्यावर उभं होतं. देठाकडची चपटी बाजू नेमकी खाली आली, म्हणून उभं. चारही बाजूंना उतार, आणि त्याला कुणी हलवलं नाही, एवढ्या एकाच कारणानं ते आपल्या जागेवर बसल्यासारखं दिसत होतं. ती बाई चौथ्या मजल्यावर उतरली. लिफ्ट वर जात असताना नीलमला आपला अणूही असाच मधोमध ठेवलेला दिसला.

पाचव्यावर तिचे मार्गदर्शक आत्माराम सर राहतात. नीलमच्या पाठीवरच्या सॅकमध्ये तिचा प्रबंध होता, चॉकलेटी बांधणीचा, वर सोनेरी अक्षरं. सरांची सही झाली की उद्या तो विद्यापीठात जमा. तो जमा झाला की ती तासिकेवर शिकवते त्या कॉलेजात कायमच्या जागेसाठी तिचं नाव धरणार, नाही तर जागा दुसऱ्याची. सगळं असं एकाला एक लागून होतं. आणि सगळ्याच्या तळाशी निकेलचा एक अणू होता, सिलिकॉनच्या पृष्ठभागावर मधोमध बसलेला. बसलेला आहे असं सरांनी वीसेक वर्षांपूर्वी छापलं होतं. नीलमनं त्याच्या शेजारी दुसरा बसवला, मग तिसरा, मग रांग केली, आणि रांगेचा प्रबंध झाला. पहिलाच तिथं बसत नसेल तर रांग कसली? ती लिफ्टमधून बाहेर आली आणि सरांच्या दारासमोर बेल न वाजवता उभी राहिली.

सिलिकॉन म्हणजे ज्याच्या चिप होतात ते. त्याचा तुकडा कापला की कापल्या जागेवरचे अणू उघडे पडतात, प्रत्येकाचे धरलेले हात सुटतात. मग ते शेजाऱ्याचा हात धरतात आणि दोन-दोनच्या जोड्या लागतात. जोड्याही सरळ नसतात, एक जरा वर, एक जरा खाली, नवरा-बायको एका उशीवर झोपल्यासारखी. अशा जोड्यांच्या रानात धातूचा एक अणू टाकला तर तो कुठं बसेल? याच्यावर पुढची यंत्रं अवलंबून आहेत, असं अनुदानाच्या अर्जात लिहावं लागतं. खरं कारण फार साधं आहे. बघावंसं वाटतं. पण बघावंसं वाटतं म्हणून या देशात कुणी फुटकी कवडी देत नाही, म्हणून सगळे खोटं लिहितात, आणि खोटं लिहून लिहून पुढं पुढं त्यांना बघावंसं वाटेनासं होतं. नीलमनं असे कितीतरी पाहिले होते. काळा कोट घालून परिषदेत उभे राहतात आणि पडद्यावरचे गोळे दाखवतात, पण त्या गोळ्यांविषयी त्यांच्या डोळ्यांत इतकंही काही नसतं जितकं तिच्या गावातल्या, खारीतल्या, कुठल्याही बाईच्या डोळ्यांत टोपलीतल्या शेवटच्या बोंबलाविषयी असतं. अशाच एका परिषदेत चहाच्या वेळी एकानं तिला विचारलं होतं, भाईंदर म्हणजे कुठं? खारी, ती म्हणाली. खारी म्हणजे ते जुनं गाव? अजून आहे का? हो, आहे, ती म्हणाली, तुमच्या टॉवरांच्या मधोमध आहे. तो हसला. ती हसली नाही.

अणू खरा डोळ्यांनी बघायला मोठी यंत्रं लागतात. ती ज्यांच्याकडे नाहीत ते संगणकात मांडणी करतात. कोणत्या अणूला कुठल्या बाजूनं किती ओढ आहे ते संगणक काढतो, ओढीच्या दिशेनं त्याला जरासं सरकवतो, पुन्हा ओढ काढतो. करत करत ओढ शून्यावर आली की म्हणायचं, बसला. सरांचं नाव झालं ते याच्या पुढच्या गोष्टीमुळे. निकेल मधोमध बसला की भोवतीच्या चारही तिरक्या जोड्या सरळ होतात, असं त्यांना दिसलं. एक परका अणू येतो आणि चार घरांतलं वाकडं सरळ करून टाकतो. लोकांना ते आवडलं. परदेशी लेखांत संदर्भ म्हणून सरांचं नाव येऊ लागलं. नीलमलाही आवडलं होतं. ती त्या चित्राच्याच प्रेमात पडून सरांकडे आली होती. आणि आता दारासमोर उभं राहून तिला ती चारही घरं पुन्हा दिसत होती, एकसारखी, आरशात धरल्यासारखी. एकसारखी असणारच. कारण सरांच्या फाइलीत वरून दुसरी की तिसरी एक ओळ होती. ती ओळ संगणकाला सांगत होती की डावं आणि उजवं सारखंच, पुढचं आणि मागचं सारखंच, तू पाव भागाचंच गणित कर, बाकीचं आरशातून घे. त्या काळी आख्ख्या विभागाला मशीन एकच, त्याच्यापुढे सगळ्यांची रांग. पाव भागाचं गणित केलं तरच गणित होणार. पण ती ओळ असेपर्यंत डावीकडची ओढ आणि उजवीकडची ओढ कायमची सारखी. जोडीला तिरकं व्हायचं असलं तरी होता येणार नाही. अणूला उठून जायचं असलं तरी पाय नाही. तो बसला नव्हता. त्याला बसवून दारं लावून घेतली होती.

आणि ती ओळ सहा वर्षं तिच्या डोळ्यांसमोर होती. पण सरांच्या फाइलीला कुणी हात लावत नाही. नवा विद्यार्थी आला की त्याला आधीच्याची फाइल मिळते, शेजारच्या घरातून विरजण आणावं तशी. त्यात आपलं दूध घालायचं. चालतंय ना? मग हात लावू नको, हे लॅबमधलं पहिलं वाक्य. नीलमला ते सांगणारी सुरुची आता एका बँकेत आहे. सुरुचीला कुणी सांगितलं असेल, त्याला कुणी, आणि सगळ्यांच्या शेवटी सर, एकाच मशीनपुढच्या रांगेत उभे. चूक करायला आळस लागतो, माज लागतो, असं तिला वाटायचं. इथं तसलं काहीच नव्हतं. गरिबी होती आणि आदर होता. या दोन गोष्टींवर राग कसा काढायचा तेच तिला कळेना, म्हणून तिनं तो बेलच्या बटणावर काढला.

दार सरांच्या बायकोनं, उर्मिलाकाकूंनी, उघडलं. रविवारी सुद्धा तुमचं आहेच का गं, म्हणाल्या, आणि पोहे खाल्ल्याशिवाय सही मिळायची नाही हेही सांगून आत गेल्या. सर गिरगावातून इथं येऊन कितीतरी वर्षं झाली, पण घरात अजून दोन खोल्यांच्या सवयी आहेत. बैठकीतच पुस्तकं, बैठकीतच जेवायचं टेबल, बैठकीतच कुंड्या. खिडकीतून खारीची कौलं दिसतात. पहिल्यांदा आली तेव्हा नीलमला आपलं घर वरून बघून लाज वाटली होती, मग त्या लाजेचा राग. सरांनी प्रवेशाच्या वेळी विचारलं होतं, घरी अभ्यासाला जागा आहे का? आणि उत्तराची वाट न बघता लॅबमधलं खिडकीजवळचं टेबल तिला दिलं होतं. एकदा तिनं डब्यात सुकट आणली तेव्हा सगळ्यांनी खुर्च्या हळूच मागं घेतल्या, आणि सरांनी पुढं येऊन तिच्या डब्यातली सुकट खाल्ली, सगळ्यांसमोर, बोटं चाटून. त्या दिवशी ती सरांवरच सगळ्यांत जास्त चिडली होती. उपकार गिळायला वासापेक्षा जड जातो. तरी हा माणूस वाईट नाही, हे तिला तेव्हाही माहीत होतं आणि आताही. सरांनी हात पुसले, चष्मा लावला, प्रबंध उघडला, सहीचं पान काढलं आणि पेन घेतलं.

"सर," नीलम म्हणाली, "आपण तो कधी हलवून बघितलाय?"

"कोण?"

"निकेल."

सरांनी पान सारखं केलं. "हलवायचं कशाला? फोर्स शून्य आहे. सहा वर्षं तूच काढतीयेस ना शून्य?"

"शून्य येणारच. आपण दुसरं काही येऊच देत नाही."

मग तिनं ती ओळ सांगितली. फार बोलावं लागलं नाही. सर तिसऱ्याच शब्दाला थांबले, हे तिला त्यांच्या हातावरून दिसलं. हे आज सुचलं का, बांधणी करून आणल्यावर, असं त्यांनी विचारलं. लिफ्टमध्ये सुचलं, ती म्हणाली. आमच्या लिफ्टमध्ये? स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या की त्या लिफ्टचं नावच काढू नका, सोसायटीला सांगून सांगून तोंड दुखलं. सर हसले नाहीत. ते मशीनविषयी बोलू लागले. रसायनवाले आधी, मग आम्ही. वीज गेली की सगळं पहिल्यापासून. ते पाव भागाचं गणित पूर्ण झालं त्या दिवशी त्यांनी आख्ख्या विभागाला बर्फी वाटली होती. "इतकं नीट आलं होतं ते," सर म्हणाले, "इतकं सरळ. मला वाटलं, हेच." आणि खिडकीबाहेर बघू लागले. नीलमला वाटलं, नीट येतं तेच आपण आधी घातलेलं असतं. पण हे ती बोलली नाही. बोलायची तिला एरवी भीती नसते. पण वीस वर्षं एका चित्रावर जगलेल्या माणसाला तेच चित्र उलटं करून दाखवल्यावर आणखी काय दाखवायचं?

सर पुन्हा सहीच्या पानाकडे वळले. मग म्हणाले, "असं करू. मी सही करतो. तू प्रबंध जमा कर. मग निवांत काय ढकलायचं ते ढकल." त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. पेनाचं टोक कागदापाशी येऊन थांबलं. आणि नीलमला दिसलं की हा माणूस स्वतःला वाचवत नाहीये, तिला वाचवतोय. ते जास्त वाईट होतं.

तिनं आईचा विचार केला. शकू इंद्रलोकच्या फाटकाशी मासळीची टोपली घेऊन बसते, कितीतरी वर्षं तिथंच. वॉचमन उठवतो, ती उठते, तो गेला की पुन्हा बसते. पोरीला सायबीण करायचं एवढंच तिचं शास्त्र. अणूची गोष्ट नीलमनं तिला एकदा समजावली तेव्हा तिनं त्याचं नाव खडा ठेवलं. रोज संध्याकाळी विचारते, बसला का तुजा खडा? त्या कायमच्या जागेसाठी तिनं नवसही केला असेल, विचारलं तर म्हणेल न्हाय. आणि ही सही नीलमला हवी होती. खोटं कशाला बोला. प्रामाणिकपणा वगैरे शब्दांवर तिचा जीव नाही. ज्यांच्या घरात दोन बाथरूम आहेत त्यांनी ते शब्द वापरावेत. सही घेऊन गेली असती तर कुणालाही कळलं नसतं, कुणी विचारलं नसतं, शून्य हे शून्यच असतं. पण आत काहीतरी खाजत होतं, टाळूच्या मागं, जिथं बोट पोचत नाही तिथं. तो कुठं जाईल? डावीकडे? दोन जोड्यांच्या फटीत? की खरंच तिथंच बसेल आणि ती मूर्ख ठरेल? तेही चाललं असतं. तेही कळलं असतं.

तिला खाडीकाठच्या खाजणातला चिखल आठवला. लहान होती, बाप ओहोटीला होडी कलती करून इंजिन खोलून बसला होता, आणि तिनं त्याच्या डब्यातली एक लोखंडी चाकी, बोल्टाखाली घालतात ती, उचलून चिखलावर ठेवली होती. चाकी बसली. छान बसली, ऊन लागून चमकत होती. बापानं पाणी मागितलं, ती देऊन आली, तर चाकी नव्हती. चिखलाला फक्त एक खळी, तिच्यात जरासं पाणी. तिनं दुसरी ठेवली. या वेळी ती उकिडवी बसून बघत राहिली. चाकी हलत नव्हती, अजिबात हलत नव्हती, आणि तरी खाली जात होती. आधी एका बाजूला किंचित कलली, मग त्या बाजूनं चिखलानं तिला आत घेतलं. कोपरापर्यंत हात घालून तिनं चिखल उपसला. नखांत काळं भरलं, शिंपल्यानं बोट कापलं, चाक्या मिळाल्या नाहीत. बाप, परशुराम, रागीट माणूस. पण त्या दिवशी त्यानं फक्त विचारलं, कुटं गेल्या? ती म्हणाली, आत. आत कुटं? तिला माहीत नव्हतं. त्या चिखलावर पुढं भराव पडला, भरावावर इमारती आल्या. आत्ता ती बसली होती ती खुर्ची कदाचित त्याच जागेच्या वर पाच मजले होती. बाप जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. आत कुटं, या प्रश्नाचं उत्तर तिनं त्याला दिलेलं नव्हतं.

"सही झाल्यावर मी नाही ढकलणार, सर," नीलम म्हणाली. "मला मी माहीतेय. घाबरेन."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं, त्याचा टक असा आवाज झाला, आणि म्हणाले, "मग लाव गणित."

रविवार असल्यामुळे कॉलेजच्या मशीनवर कुणी नव्हतं. तिनं लॅपटॉप पोह्यांच्या बशांमध्ये जागा करून ठेवला आणि तिथूनच त्या मशीनला जोडला. सरांच्या फाइलीची नक्कल काढली, कारण मूळ फाइलीला हात लावायला तिचं बोट आत्ताही धजत नव्हतं. नकलेतून ती ओळ पुसली. मग निकेलच्या आकड्यांवर आली. सर खुर्चीत बसून होते. इकडे बघायचं नाही असं ठरवल्यासारखे. तिनं अणूला केसाच्या जाडीच्या कोटीव्या हिश्श्यानं डावीकडे केलं, तेव्हा मागून आवाज आला, सरळ नको सरकवू, तिरका सरकव, नाही तर दुसऱ्या आरशात अडकेल. तिनं तिरका सरकवला. सर उठून तिच्या मागं येऊन उभे राहिले होते. तिला त्यांच्या पोह्यातल्या लिंबाचा वास आला आणि अकारण हसू आलं. काकूंनी चहाचं पातेलं आणलं, टेबलाला चटका बसू नये म्हणून हाताला लागला तो प्रबंध खाली घेतला आणि त्यावर ठेवलं. दोघांनी ते पाहिलं.

ओढीचा पहिला आकडा आला. शून्य नव्हता. बारीक होता, चुकूनही येतो इतका. सर म्हणाले, थांब, हा काही नाही. नीलमही तेच म्हणणार होती. पुढचा यायला पोहे गार व्हावेत इतका वेळ लागला, आणि तो मोठा होता. त्याच्या पुढचा आणखी मोठा. टेकाडावरून सुटल्यासारखा. मग जोड्या हलल्या. एकीतला एक अणू वर आला, दुसरा खाली गेला. मग शेजारची जोडी, ती उलट्या बाजूनं. वीस वर्षं ताठ धरून ठेवलेली अंगं मोकळी व्हावीत तशी एकेक जोडी तिरकी होत गेली. सरांच्या तोंडून काहीतरी निघालं, शब्द नव्हता. नीलमनं मागं वळून बघायचं टाळलं. तिला त्यांचा चेहरा बघायचा नव्हता, आणि तिला आकडे सोडायचे नव्हते, आणि यातलं कुठलं कारण खरं ते तिला माहीत होतं.

फोन वाजला. आई.

"जाली का सई?"

"न्हाय, आये."

"मंग? सायब घरान न्हाय?"

"हायत. आये, त्यो खडा हालला."

पलीकडे कुणी तरी सुरमईचा भाव विचारत होतं. शकूनं त्याला हिंदीत झटकलं आणि परत आली. "हालला म्हंजे?"

"तितं त्यो कंदी बसलाच नव्हता."

"सहा वरसं त्याला बसवतंस, आन आता हालला म्हनून हसतंस? येडी जाली का गो तू?"

आपण हसतोय हे नीलमला तेव्हा कळलं. जागेचं काय, आईनं विचारलं नाही. ते दोघींमध्ये पडून राहिलं, वजनदार, नुसतं. थोड्या वेळानं शकू म्हणाली की बोंबील ठेवते तुझ्या वाटचे, आणि मग, फोन ठेवता ठेवता, "गेला कुटं त्यो मंग? आल्यावर सांग मना."

नीलमनं फोन पालथा ठेवला. तेवढ्यात दोन ओळी आल्या होत्या. अणू एका जोडीच्या कडेला गेला होता, आता आणखी डावीकडे जाणार असं तिनं धरलं होतं. पण डावीकडचा आकडा तिथंच थांबला. बदलत होता तो तिसरा आकडा, उंचीचा, ज्याच्याकडे त्यांच्यापैकी कुणी कधी बघितलंच नव्हतं, कारण बसलेल्याची उंची कोण बघतो?

"सर, उंची कमी होतेय."

"किती?"

"जोडीच्या खाली गेला."

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि तिच्या बाजूला, विद्यार्थ्यासारखं पुढं वाकून बसले. टेबलावर चहाला साय धरत होती.

"म्हणजे आत?"

"आत."

"आत कुठं?"

"माहीत नाही, सर," नीलम म्हणाली, आणि पुढची ओळ यायची वाट बघू लागली.